बाबांचा फोन राहू द्या, पैशाला पाय फुटणार नाहीत असं बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वडील ७६, आई ७१, दोघंच पार्ल्यात राहतात. तुम्ही बंगळूरला, भाऊ ठाण्यात. गॅसचं बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार, असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. वडिलांनी त्यातली फाइल उघडली, तिथं मागितले ते बारा रुपये भरले, समोरच्यानं 'पडताळणीसाठी' मागितले म्हणून आधार आणि पॅनचे फोटोही पाठवले. रात्रीतून खात्यातले ४८ हजार गेले. ही गुरुवारची गोष्ट. घरात कळलं ते पुढच्या शुक्रवारी, तेही आई पासबुक भरून घेऊन आली म्हणून. मधले आठ दिवस वडील कट्ट्यावर गेले नाहीत, जेवताना बोलले नाहीत. भाऊ म्हणतो, स्मार्टफोन काढून घ्या, साधा फोन द्या, सगळी खाती आपल्या ताब्यात घ्या. तुम्ही विचारताय, हे बरोबर आहे का, आणि आता त्यांच्या नावावर कुणी कर्ज काढेल का.

आधी मी कोण ते सांगते. एका सरकारी बँकेत चौतीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं मुंबईतल्या दोन शाखांची व्यवस्थापक होते. निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघात बसते आणि फसलेल्या मंडळींचे अर्ज लिहून देते. वकील नाही, पोलीस नाही. जे लिहितेय ते काउंटरच्या दोन्ही बाजूंना बसून कळलेलं आहे.

तुम्ही विचारलंय फोनबद्दल. मला मात्र त्या आठ दिवसांची काळजी वाटते. पैसे गेल्यावर माणूस पहिल्या तासात बोलला तर बरंच काही वाचू शकतं, आठ दिवसांनी बोलला तर फारसं उरत नाही. तुमचे वडील गप्प बसले, कारण घरात सांगितलं तर काय ऐकावं लागेल हे त्यांना ठाऊक होतं. फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी ते आठ दिवसांऐवजी कायमचे गप्प बसतील. म्हणून भावाचा उपाय मला पटत नाही. त्याची भीती मात्र रास्त आहे, आणि तिच्यावर दुसरा इलाज आहे. तो खाली लिहिते. त्याआधी तातडीचं.

शुक्रवारी रात्रीच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद केलीत आणि शनिवारी शाखेत अर्ज दिलात हे उत्तम. पण वाटेत पैसे सापडतील ही आशा आता फार धरू नका. असे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. भाड्यानं घेतलेल्या चार-पाच खात्यांतून फिरतात आणि कुठल्या तरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात, बहुतेकदा काही तासांतच. १९३० चा खरा उपयोग त्या काही तासांतला असतो: ज्या बँकेत पैसे उतरलेत तिला ते गोठवायला सांगता येतं.

बँकेशी वाद घालायला मात्र जागा आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकावर किती बोजा टाकायचा याबद्दलचं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानंच लबाडी केली, अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला काही सोसावं लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार सोसावे लागतात. सातच्या पुढे त्या त्या बँकेचं धोरण. इथं दिवस मोजायचे ते कामाचे, आणि बँकेचा मेसेज आला तो दिवस सोडून. तुम्ही लिहिलंय की मधला शनिवार दुसरा होता, म्हणजे बँकेला सुट्टी. मग शुक्रवार एक, सोमवार दोन, मंगळवार तीन, बुधवार चार, गुरुवार पाच, शुक्रवार सहा, आणि परवाचा तिसरा शनिवार सात. अर्ज सातव्या दिवशी पोचलाय. 'नऊ दिवस झाले हो, आता काय येताय' असं कुणी म्हणालं तर बोटावर हा हिशेब करून दाखवा. अर्जाची पोच शिक्का आणि तारखेसकट हातात आहे ना? नसेल तर उद्या उघडल्या उघडल्या तेच काम.

आता यातला गुंता. बँक म्हणेल, फाइल तुम्हीच उघडलीत, निष्काळजीपणा तुमचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकानं बँकेवर टाकलीय, पण नेमकं काय घडलं यावर सगळं अवलंबून आहे. त्या फाइलमधून बसलेल्या ॲपनं परस्पर ओटीपी वाचले असतील आणि वडिलांनी कुणाला काही सांगितलं नसेल, तर अर्जात ते स्पष्ट लिहा. बारा रुपये भरताना त्यांनी कार्डाचे आकडे किंवा पिन टाकला असेल, तर बँकेची बाजू बळकट होते. तरीही तसंच लिहा. अर्जात एक आणि पोलिसांकडे दुसरं असं झालं की माणूस दोन्हीकडे पडतो. बँकेनं ९० दिवसांत निकाल द्यायला हवा. तीस दिवसांत उत्तरच नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. १४४४८ वर चौकशी करा, फी लागत नाही, वकील लागत नाही.

आणि एक विनंती: प्रश्नात तुम्ही तक्रार क्रमांक टाकलाय, तो आत्ताच काढा. 'तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फक्त फाइलिंगची फी भरा' म्हणणारी मंडळी असेच क्रमांक शोधत असतात. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळवायच्या आशेवर असतो, आणि ती आशा हेरणारे चोर वेगळे असतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे पहिल्यांदा ३० हजार गेले होते, दुसऱ्यांदा या 'सोडवणाऱ्यां'नी ५५ नेले.

फोनचं काय? त्या मेसेजचे, त्या फाइलच्या नावाचे, क्रमांकाचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवा, मगच तो फोन फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमानं केलंत तर पुरावाच पुसला जाईल. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन त्या फोनवरून बदलू नका, रीसेट होईपर्यंत तो चोराच्या ताब्यात आहे असंच समजा. कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात, ##००२# डायल केलं की सगळं वळवणं रद्द होतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा, अनोळखी काही जोडलेलं दिसलं तर काढून टाका.

आता आधार-पॅन. नुसत्या आधार क्रमांकावर कुणी तुमचं खातं रिकामं करू शकत नाही, त्यामुळे झोप उडवून घेऊ नका. धोका दोन ठिकाणी आहे: त्यांच्या नावावर सिम किंवा छोटं ऑनलाइन कर्ज काढलं जाणं, आणि बोटांचे ठसे. सिमसाठी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जा. तिथं वडिलांच्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते दिसतं, अनोळखी असेल तो तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. कर्जासाठी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीला वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. मी लोकांना सांगते, चारही एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एकीचा काढा, वर्षभर पहारा फुकट होतो. खोटं कर्ज दिसलं तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे, दोघांकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

ठशांचं जरा सविस्तर सांगते, कारण मुंबईत हे फार होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आधारला जोडलेल्या खात्यातून ठसा देऊन पैसे काढता येतात, तिथं ओटीपी लागत नाही. गावाकडच्या लोकांसाठी ती सोय आहे, चोरांसाठीही आहे. आपल्याकडे दुसरी खोली किंवा जुना फ्लॅट भाड्यानं दिलेले कितीतरी ज्येष्ठ आहेत. दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सचा एजंट ठशांचं यंत्र घेऊन घरी येतो, आजोबा सोफ्यावर बसल्या बसल्या अंगठा देतात. तो एजंट चांगलाच असेल. तरी ठसा कुलपात ठेवलेला बरा. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. नोंदणीच्या दिवशी उघडायचं, काम झालं की बंद. वडिलांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना आणि रेशनच्या दुकानात अंगठा देताना कुलूप उघडावं लागेल. हे आईलाही सांगून ठेवा, नाहीतर दुकानात 'अंगठा लागत नाही' म्हणून परत पाठवतात आणि मग लोक वैतागून कुलूप कायमचं काढून टाकतात. जिथं आधारची प्रत द्यावीच लागते तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहायची जुनी सवय अजूनही चांगली आहे.

आता भावाच्या भीतीवरचा इलाज.

आमच्या आजीकडे साखरेचा मोठा पत्र्याचा डबा माळ्यावर असायचा आणि ओट्यावर एक छोटी बरणी. बरणी सांडली तर आठवडाभराची साखर गेली, वर्षाची नाही. म्हाताऱ्या माणसांच्या पैशाची मी अशीच मांडणी करून देते. एक रोजचं खातं: त्यात यूपीआय, डेबिट कार्ड, सगळं. वडिलांनी भाजी घ्यावी, रिक्षा करावी, औषधं मागवावीत. त्यात महिन्याचा खर्च आणि थोडं वर, इतकंच. दुसरं कोठीचं खातं: त्यावर नेट बँकिंग नाही, यूपीआय नाही, कार्ड नाही, फक्त पासबुक आणि चेकबुक. त्यातून रोजच्या खात्यात महिन्याच्या एक तारखेला आपोआप रक्कम जाईल अशी स्थायी सूचना देऊन ठेवायची. पेन्शन कुठल्या खात्यात येते त्यावर कुठलं खातं कोठीचं करायचं ते ठरेल. आणि हे वडिलांच्या हातूनच करून घ्या, अर्जावर सही त्यांची, पासबुक त्यांच्या कपाटात. त्यांचा पैसा त्यांच्याकडेच राहतो, फक्त रात्री अकरा वाजता कुणाच्या सांगण्यावरून हलत नाही.

मुदत ठेवी हा खरा खजिना, आणि मोबाइलवर त्या दोन बोटांनी मोडता येतात. फसवणारा आधी तेच करायला लावतो. शाखेत जाऊन विचारा, या ठेवी ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येईल का. काही बँका करतात, काही करत नाहीत. करत नसतील तर ठेवी कोठीच्या खात्याला जोडलेल्या असू देत. काही रक्कम पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायला हरकत नाही, तिथं एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. मुदतीआधी पैसे काढायला पोस्टात स्वतः जाऊन फॉर्म भरावा लागतो आणि दंड कापला जातो. एरवी लोक या कटकटीला नावं ठेवतात, मला तीच आवडते. पोस्टाच्या रांगेत माणूस शेजारच्याशी बोलतोच.

कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर बंद ठेवा. ते बंद-चालू करायची सोय बँकांना २०२० पासून द्यावीच लागते. यूपीआयची रोजची मर्यादा लाखापर्यंत असते, ती ॲपमधून किंवा बँकेतून पाच हजारांवर आणा. यूपीआय सर्कल म्हणून एक प्रकार आहे, त्यात तुमच्या खात्यातून वडील पैसे देऊ शकतात, प्रत्येक वेळी तुमची संमती घेऊन किंवा महिन्याला १५ हजारांच्या आत संमतीशिवाय. कुणाला सोयीचं वाटतं. माझ्या मंगळवारच्या मंडळींपैकी बहुतेकांना पॉकेटमनी मिळाल्यासारखं वाटतं आणि ते नाक मुरडतात.

एक करू नका: बँकेतला वडिलांचा मोबाइल क्रमांक बदलून तुमचा देऊ नका. मुलं हे हटकून करतात. मग ओटीपी तुमच्याकडे, वडील स्वतःच्याच पैशाला परके, आणि तुम्ही मीटिंगमध्ये असताना आई दवाखान्याच्या काउंटरवर ताटकळत. अलर्टचा ईमेल तुमचा द्या, क्रमांक त्यांचाच ठेवा. तुम्हाला खात्यात हात हवा असेल तर उघडपणे संयुक्त खातं करा.

शाखेचा उपयोग करून घ्या, याबद्दल माझाच एक किस्सा सांगते. फार अभिमानाचा नाही. मार्चअखेर होती. आमचे एक जुने खातेदार, पोस्टातून निवृत्त झालेले काका, सहा लाखांची ठेव मोडायला आले. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात फोन. 'मुलाच्या घराला देतोय,' म्हणाले. खिशाच्या कापडातून फोनचा उजेड दिसत होता, कॉल चालू होता आणि वेळेचे आकडे पुढे सरकत होते, एकेचाळीस मिनिटं. मला ते दिसलं. मी विचारलं, 'काका, घाई नाही ना?' ते हसले, 'नाही हो मॅडम.' बाहेर रांग होती. मी सही केली. आरटीजीएसच्या फॉर्मवर पैसे घेणाऱ्याच्या जागी कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं नाव होतं, ते मी वाचलंच नाही. मुलाच्या घराचे पैसे ट्रेडिंग कंपनीला का जातील? चार दिवसांनी ते दुसरी ठेव मोडायला आले तेव्हा लेक मागोमाग धावत आली. विम्याचा अडकलेला बोनस सोडवून देतो म्हणून त्यांना महिनाभर फोन येत होते, आणि बँकेत काय सांगायचं तेही फोनवरच्यानंच पढवलं होतं.

तेव्हापासून कुणी ठेव मोडायला आलं की मी तीन गोष्टी करायचे: फोन टेबलावर ठेवायला सांगायचे, घेणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचायचे, आणि चहा मागवायचे. चहा यायला दहा मिनिटं लागतात. तुम्ही पुढच्या वेळी मुंबईत याल तेव्हा वडिलांना घेऊन शाखेत जा, मॅनेजरला भेटा, सांगा की दोन लाखांच्या वर काही निघालं तर मला एक फोन करा. त्यांच्यावर तसं बंधन नाही, वडिलांची लेखी संमती मागतील. ती देऊन ठेवा. सत्तरीच्या पुढच्यांसाठी बँकांनी घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय, तीही विचारा. एक कबुलीही देऊन टाकते: काउंटरवरचे सगळे तुमच्या वडिलांच्या भल्यासाठीच बसलेले नसतात. टार्गेटपायी पंचाहत्तरीच्या माणसाला वीस वर्षांची विमा पॉलिसी विकलेली मी पाहिलीय. 'ठेवीपेक्षा बरं काहीतरी आहे' असं कुणी म्हणालं तर कागद घरी आणायचा, सही दुसऱ्या दिवशी.

हे सगळं पैशाचं. आता त्या दुसऱ्या फोनांचं, जे गॅसबिलापेक्षा कितीतरी भयंकर असतात. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत', 'तुमच्या आधारवर मनी लाँडरिंगचं खातं आहे', मग व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे बोधचिन्ह, खोटं कोर्ट. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका बाईंकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात असे २० कोटींहून जास्त काढून घेतले. घरात काय चाललंय ते ओळखलं घरकामाच्या बाईनं: आजी खोलीतून फक्त जेवायला बाहेर येतात, आत कुणाशी तरी जोरजोरात बोलतात. तिनं मुलीला सांगितलं. वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यासमोर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली आणि ७ कोटी नेले. ते लवकर पोलिसांकडे गेले म्हणून सव्वापाच कोटींच्या आसपास परत मिळाले. तेव्हा 'बाबांना एवढंही कळत नाही का' हे वाक्य भावाला मागे घ्यायला सांगा. उद्योग चालवणाऱ्यालाही कळलं नव्हतं.

वडिलांना एवढं पक्कं सांगा: व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवायची ही 'डिजिटल अटक' कुठल्याही कायद्यात नाही. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून न्यायालयानं २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि तपास सीबीआयकडे दिला. पण खरं सांगू, फोन चालू असताना कायदा आठवत नाही, घाम फुटलेला असतो. म्हणून मी एकच खूण शिकवते. या सगळ्या चोरांचं एक वाक्य ठरलेलं असतं: 'हे कुणालाही सांगू नका.' ते ऐकू आलं की फोन ठेवायचा आणि पहिल्या भेटेल त्याला सांगायचं. बायकोला, वॉचमनला, शेजारच्या वहिनींना, कुणालाही. मुलाचा-नातवाचा रडवेला आवाज काढून पैसे मागणारे फोनही येतात, त्यासाठी घरातला एक प्रश्न ठरवून ठेवा. आमच्याकडे आहे: 'गावच्या घरातल्या म्हशीचं नाव काय होतं?' नातू म्हशीच्या नावावर हसतो, पण त्याला ते पाठ आहे.

एक प्रकार भीतीनं होत नाही, एकटेपणानं होतो. मुंबईतल्याच एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी ऑनलाइन ओळख झालेल्या 'मैत्रिणींना' ७३४ वेळा पैसे पाठवले, मिळून सुमारे ९ कोटी. सातशे चौतीस वेळा, आणि इतक्या दिवसांत कुणी विचारलं नाही. तुमचे वडील कट्ट्यावर जायचे बंद झालेत, म्हणून हे सांगतेय. त्यांना परत कट्ट्यावर पाठवा. आमच्या संघात एक निवृत्त शिक्षक आहेत, दीड लाख गमावलेले. सुरुवातीला मान खाली घालून बसायचे. आता दर मंगळवारी आठवड्यात आलेले खोटे मेसेज तेच वाचून दाखवतात, शुद्धलेखनाच्या चुका काढत. मेसेज खोटा आहे हे त्यांना आता व्याकरणावरून कळतं.

वडिलांशी बोलणं भावानं करू नये, निदान पहिलं नाही. तुम्ही करा, समोरासमोर. तुमच्या स्वतःच्या फसगतीपासून सुरुवात करा, असेलच एखादी. काय झालं ते त्यांच्या शब्दांत पूर्ण ऐका, मध्ये 'मग तुम्ही का...' नको. आणि एक करार करा: संशय आला तर रात्री दोनलाही फोन करायचा, आणि त्या फोनवर कुणी ओरडणार नाही. हा करार तुमच्या बाजूनं पाळणं जास्त अवघड आहे.

आता जे परिस्थितीवर आहे ते. वडील एकदाच फसले असतील आणि बाकी हिशेब चोख असेल, तर वर लिहिलंय तेवढं पुरे. पण तेच बिल दोनदा भरणं, पैसे कुठे ठेवले ते विसरणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, असं गेल्या वर्षभरात दिसत असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या. तसं काही निघालं तर कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणसाची समज गेली की आपल्या कायद्यात त्याचा जोर राहत नाही. तेव्हा समज आहे तोवरच संयुक्त खाती, नामनिर्देशन, मृत्युपत्र हे उरकून घ्यायला हवं. रात्रंदिवस राहणारी मदतनीस असेल आणि एटीएमचा पिन तिला माहीत असेल, तर तिच्यावर आळ घेण्याऐवजी तिच्या हाती बरणीतलंच खातं द्या. आणि फ्लॅट मुलांच्या नावावर बक्षीसपत्रानं करायचा विषय कुणी या निमित्तानं काढला, तर वडिलांनी घाई करू नये. सांभाळ केला नाही तर असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं ते कलम २३ त्यांच्या बाजूनं आहे, पण 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे पत्रात लिहिलेलं असलं तर ते हमखास कामी येतं.

क्रम असा ठेवा: उद्या सकाळी शाखेतून शिक्क्याची पोच आणि दुसऱ्या फोनवर स्क्रीनशॉट, मग रीसेट. संध्याकाळी बायोमेट्रिक लॉक आणि संचार साथी. या आठवड्यात पहिला क्रेडिट रिपोर्ट. दोन खात्यांचं काम तुम्ही मुंबईत याल तेव्हा, वडिलांना शेजारी बसवून. वडील एकटेच असताना घाबरवणारा फोन आला तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३०.

बँकेचं उत्तर आलं की त्यातलं नाकारण्याचं कारण जसंच्या तसं इथं लिहा, नावं आणि क्रमांक गाळून. लोकपालाकडच्या तक्रारीत त्या कारणालाच उत्तर द्यावं लागतं, मसुदा मी बघून देईन. मंगळवारी अकरा ते एक मात्र उत्तराची अपेक्षा ठेवू नका, तेव्हा आमच्याकडे गुरुजींचं वाचन असतं.